बाबांनी चमकवलेले रुपये
धातूच्या पॉलिशचा वास आला की मला कोपरच्या घरातली ती रविवारची सकाळ आठवते. ठाण्याचा एक व्यापारी माझे पाच जुने चांदीचे रुपये बघायला येणार होता. फोटो पाहूनच तो दुप्पट भाव द्यायला तयार झालेला, कारण वर्षानुवर्षं कागदात राहून त्यांच्यावर मोरपिसासारखी निळी-जांभळी झाक चढली होती. मी आंघोळ करून आलो तर बाबा खिडकीत बसलेले, बोटं काळी, मांडीवर जुन्या बनियनचं फडकं. आंबिवलीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पितळी नळांना पॉलिश केलं होतं. "अरे, गिऱ्हाईकापुढे असा काळपट माल ठेवतात का? आता बघ!" पाचही रुपये लखलखत होते. मला ओरडायचं होतं, पण त्यांचा खुललेला चेहरा बघून मी रुपये एकेक करून डबीत ठेवले. व्यापाऱ्याने एक रुपया उजेडात धरला आणि हळूच खाली ठेवला. "घासलेत हे. आता नुसत्या चांदीचा भाव मिळेल." बाबा फडक्याची घडी घालत राहिले. मी ते रुपये विकलेच नाहीत. आता बाबा नाहीत, आणि डबी उघडली की दिसतं, रुपयांवर पुन्हा निळी झाक चढतेय, आणि बाबांनी आणलेली चकाकी तिच्याखाली हळूहळू नाहीशी होतेय.