अण्णांच्या कानाला लावलेली गाडी

आमच्या गॅरेजात पोरं येतात ती एकच मागणी घेऊन. सायलेन्सर बदला, आवाज काढा, जमलं तर मागनं फटाके वाजू द्या. मी त्यांना स्टुलावर बसवतो, आधी चहा पाजतो आणि मग झापतो. "अरे, आवाज म्हणजे ताकद व्हय रे? उथळ पाण्याला खळखळाट फार, ऐकलंय का शाळेत?" एखादा तोंडाळ असला तर रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडं बोट दाखवायचा. "आन् मग तुमची, मामा?" मी पाना उचलून कामाला लागायचो. सगळ्या भवानी पेठेत तेव्हा माझ्या गाडीएवढी दणकट आवाजाची दुसरी गाडी नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

माझं काम मोटारसायकलच्या कॉम्प्युटरचं. हल्लीच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे सीटखालची एक काळी डबी ठरवते. कंपनीनं त्या डबीत सगळ्या जगाला चालेल असा हिशेब भरलेला असतो. मी लॅपटॉप जोडून तो त्या एका गाडीपुरता, त्या एका माणसापुरता बसवतो. सायलेन्सर बदलला की धूर बाहेर पडायची वाट बदलते, मग पेट्रोलही त्या मापानं द्यावं लागतं. नाहीतर गाडी गरम होते, गचके खाते, मालकाला शिव्या द्यायला लावते. नीट जमलं तर तीच गाडी घाटात अशी ओढते की चालवणारा हसतच परत येतो. ते हसू बघायला मला आवडतं. हातात दुसरं कुठलं हुन्नर नाही, पण हे आहे.

आणि माझ्या स्वतःच्या गाडीची ताकद मी मुद्दाम कमी केली होती. अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी हयात यंत्रमागावर गेली. चादरी विणल्या, टॉवेल विणले. ज्यानं कधी मागाच्या कारखान्यात पाय ठेवला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. खटखट नसते ती, अंगावर पडणारी भिंत असते. आत शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ आणि हात. दोन बोटं वर केली की चहा. चिमूट फिरवली की धागा तुटलाय. छातीवर तळहात म्हणजे मालक आलाय. आमच्या घरातही अर्धं बोलणं असंच चालायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असंच बोलतात.

त्या माणसांची आणखी एक खोड होती. मागावरचा माणूस "ऐकू आलं नाही" असं कधी म्हणत नाही. तुम्ही काहीही सांगा, तो मान हलवणार. "व्हय." कळलं असलं तरी व्हय, नसलं तरी व्हय. तिथं परत परत विचारत बसलं तर काम कधी व्हायचं? पुढं अंदाजानं निभावून न्यायचं. अण्णा आयुष्यभर असेच मान हलवत आले. आई चिडायची. "नंदीबैल झालाय नुसता!" म्हणायची. अण्णा त्यालाही मान हलवायचे.

माग सुटला तोवर कान गेले होते. आई होती तोपर्यंत काही अडलं नाही, तिचेच दोन कान दोघांना पुरले. ती गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी दिवसभर गॅरेजात. अण्णा आतून कडी लावून एकटे. दार नुसतं लोटून ठेवा म्हटलं तर ऐकेनात, आणि त्यांचंही खरं होतं. एकदा कुणी विकणारा दार उघडं बघून सरळ आत आला. अण्णांनी मागं वळून बघितलं तर हातभरावर अनोळखी माणूस. तेव्हा ते जे भ्याले, ते पुढं कडीशिवाय बसेनात. ज्याला मागून येणारं पाऊल ऐकू येत नाही त्याला कडीचाच आधार.

मग एका दुपारी मी लवकर घरी आलो आणि दार वाजवत बसलो. वाजवलं, बडवलं, लाथा घातल्या. शेजारीपाजारी जमा झाले. आत अण्णा आडवे झालेले, पाठ दाराकडं. नाही नाही ते मनात आलं. शेवटी मागच्या बाजूनं चढून खिडकीतून काठी आत घातली आणि त्यांना ढोसलं. दचकून उठले, दार उघडलं, बाहेरची गर्दी बघितली आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "मी हितंच होतो रं," एवढंच म्हणत राहिले. "मी हितंच होतो."

कानाचं यंत्र आणलं. ताट ठेवल्याचा आवाजही खिळ्यासारखा टोचतो म्हणून ते कपाटात गेलं. बटण दाबल्यावर दिवा लागेल अशी घंटा बसवतो म्हटलं, तर म्हणाले, "आन् लाईट गेल्यावर?" मी म्हटलं, अण्णा, लाईट काय रोज जाते का? तेव्हा खरं कारण बाहेर आलं. "दार वाजवून घरात यायला तू काय पाव्हणा हाईस? तुजी आई कवा दार वाजवू देत हुती का तुला?" खरंच होतं. आई मला कोपऱ्यावर ओळखायची. मी गाडी लावेपर्यंत दार उघडं आणि चहा चुलीवर. अण्णांना तेच करायचं होतं. पोरासाठी दार उघडायचं. त्यांच्याकडं आता तेवढंच काम उरलं होतं, आणि तेही कानानं अडवलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारीक, चढे आवाज गेलेत, जाड, खालचे आवाज थोडेफार शिल्लक आहेत. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. जाड आवाज? तो तर मी बनवू शकतो की!

लांब, मोठ्या पोटाचा सायलेन्सर बनवून घेतला. कॉम्प्युटरमध्ये खालच्या वेगाची ठिणगी जरा उशिरा पाडली. त्यानं ताकद जाते, पण आवाज बाहेर येतो. बहीण कुर्डुवाडीला दिलेली. तिला रविवारी बोलावून घेतलं. तिनं अण्णांजवळ बसायचं, मी कोपऱ्यावरून गाडी आणायची, आणि अण्णांनी ऐकू आलं की हात वर करायचा. एक फेरी. फोनवर बहीण म्हणाली, "न्हाय." लॅपटॉप उघडला, थोडं बदललं, पुन्हा फेरी. "न्हाय रे." सगळी आळी गॅलऱ्यांत उभी राहून बघत होती, हा माणूस खुळा झालाय का म्हणून. दिवस उतरायला लागला तेव्हा बहीण फोनवर ओरडली, "केला! हात वर केला!" मी गाडी तिथंच सोडून घरात पळत गेलो. अण्णांचा हात अजून वरच होता. म्हणाले, "मागाचा वाटतोय. लांबच्या मागाचा."

त्या दिवसापासून तो हिशेब मी बदलला नाही. गॅरेजातले सोबती टिंगल करायचे, "गावाच्या गाड्या पळवतो आन् ह्याचीच ओढत न्हाय." खुशाल करू देत. मी कोपऱ्यावर वळलो की खेळणारी पोरं आवाज ऐकूनच बाजूला व्हायची, आणि मी दारापाशी पोचेपर्यंत अण्णा चौकटीला धरून उभे असायचे. दोन बोटं वर. चहा ठेवलाय.

बरीच वर्षं असं चाललं.

मग समोरच्या घरात बाळ आलं. दिवस भरायच्या आधीच झालेलं, लई अशक्त. एका सकाळी मी गाडी सुरू करून स्टँड काढतोय तोच त्याची आई रस्ता ओलांडून आली. अक्कलकोटकडची पोरगी, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. अंगावर बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं. "दादा, रागवू नका," म्हणाली. माझा स्वभाव कसा आहे हे तिलाही आळीनं सांगितलं असणार. खरं सांगतो, मी तोंड उघडलंही होतं. पण तिनं दुपट्याचा पदर बाजूला केला. गाडी नुसती जागेवर फुरफुरत होती, आणि प्रत्येक ठोक्याला त्या एवढ्याशा मुठी थाडथाड उडत होत्या. मी गाडी बंद केली. मुठी थांबल्या.

"आजोबांना सांगायला आले होते दोनदा," ती म्हणाली. "संध्याकाळी खिडकीतच बसलेले असतात की. हाका मारल्या, हात केला. रस्त्याकडंच बघत होते, माझ्याकडं बघितलंच नाहीत."

"त्यांना ऐकू येत नाही, ताई," मी म्हटलं. एवढंच माझ्या लक्षात आलं. गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं सुरू केली.

गॅरेजात गेल्या गेल्या सायलेन्सर उतरवला. कंपनीचा जुना, कपड्यात गुंडाळून ठेवलेला होता, तो लावला. कॉम्प्युटरमध्ये कंपनीचा हिशेब परत भरला. गाडी सुरू केली तर शिलाई मशीनसारखी पुटपुटायला लागली. कितीतरी दिवसांनी तिच्यात जोर आला होता आणि मला मात्र वाईट वाटत होतं. घराचा पत्ता बदलावा आणि बापाला कळवू नये, तसं. दिवसभर एकाही गाडीत चित्त लागलं नाही. अण्णांना काय सांगायचं? हातानं बाळ करून दाखवायचं, कान झाकून दाखवायचं, ते समजून घेतील. माणूस समजूतदार. पण म्हणजे आजपासून मी दार वाजवणार, वाजवत राहणार, आणि ते आत बसून राहणार. पुन्हा "मी हितंच होतो." ते मला बघवलं नसतं.

संध्याकाळी कोपऱ्यावर वळलो. पोरांचं क्रिकेट चालू होतं, कुणी हललंच नाही. हॉर्न दिला तेव्हा दचकून बाजूला झाली. मी गाडी दाराशी आणली, आणि हात दारावर मारायला उचलला.

दार उघडं होतं. अण्णा चौकटीला धरून उभे होते. दोन बोटं वर.

मी उचललेला हात खाली घेतला. अण्णा म्हणाले, "ये. कोपऱ्यावरच वळखला आवाज. आज तर लईच खणखणीत येतोय की!"

मी आत गेलो. रस्त्याकडच्या खिडकीपाशी लोखंडी खुर्ची ओढलेली होती. उंबऱ्यावर बूट काढायचे, हातपाय धुवायचे, चहा प्यायचा आणि आडवं व्हायचं, यापलीकडं मी त्या खोलीकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर अण्णांनीच कधीतरी विणलेला टॉवेल घडी करून ठेवलेला. एका जागी तो दबून विरला होता, बरोबर कोपर टेकतं तिथं. शेजारी चष्मा. तिथं बसलं की कोपरा दिसतो. सकाळी त्या पोरीनं सांगितलं होतं ते आत्ता माझ्या टाळक्यात शिरलं. संध्याकाळी खिडकीतच बसलेले असतात की.

पहिल्यांदा रागच आला. कधीपासून? मला का सांगितलं नाही? सगळ्या पेठेचे कान मी किटवले, गाडीची वाट लावली, आणि हे गृहस्थ इथं बसून नजरेनं मला हेरतात आणि म्हणतात, आवाज आला! मग मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि पोटभर रडलो. नळ नसता सोडला तरी चाललं असतं, पण सवय असते माणसाला.

मी खपून त्यांच्यासाठी आवाज बनवला होता. तो ऐकू येईनासा झाला हे पोराला कसं सांगायचं? म्हणून ते मागावरच्या माणसासारखे मान हलवत राहिले होते. पुढं अंदाजानं निभावून नेत होते. दुपार कलली की खुर्ची ओढायची आणि डोळे कोपऱ्यावर लावून बसायचं. त्यांच्या डोळ्यांतही आता मोतीबिंदू उतरायला लागलाय.

बाहेर आलो तर कप भरलेला. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. भीत होते, हे मला स्पष्ट दिसलं. म्हणाले, "का रं? आवाजात कायतरी बदल केलास व्हय?"

सांगणार होतो. हात वरही झाले होते, बाळ करून दाखवायला. मग खाली घेतले आणि मान हलवली. व्हय. जरा सुधारलाय.

"तरीच," अण्णा म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

तो मोठा सायलेन्सर गॅरेजात खिळ्याला टांगलाय. पोरं मागतात, मी देत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र मी पुन्हा हात घातला. अगदी हळू चालताना गाडी गचके खाऊ नये, बंद पडू नये, माणसाच्या चालीनं मुकाट चालावी, एवढंच बसवायचं होतं. जोर वाढवण्यापेक्षा ते अवघड निघालं, पण जमलं. आता कोपऱ्यावर वळलो की मी हेडलाईट दोनदा मारतो आणि पहिल्या गियरात येतो. मागचे रिक्षावाले शिव्या घालतात. पोरं म्हणतात, मामा म्हातारे झाले. अण्णांच्या गुडघ्यांना खुर्चीतून उठून कडीपर्यंत यायला वेळ लागतो, तेवढा मी रस्त्यावर काढतो.

दार उघडतं. "कोपऱ्यावरच वळखला," अण्णा म्हणतात.

मी मान हलवतो.