तिकडच्या कापसाचा धागा

साठच्या दशकात ब्राह्मणपुरीला मास्तर होतो तेव्हा दर रविवारी शहाद्याच्या एसटी स्टँडवर पेपर वाचत बसायचो. एक म्हातारा शेतकरी शेजारी टेकायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्याला बातमी एकच हवी असे, युरोपातल्या सहा देशांनी मिळून मांडलेल्या बाजाराची. ऐकताना तो खिशातल्या पुडीतून कापसाचं पुंजकं काढी, चिमटीत ओढून धागा किती लांब येतो ते बघी आणि पुन्हा जपून ठेवी.

एकदा मी वाचलं, ते सहा देश आफ्रिकेशी करार करताहेत, मैत्रीसाठी.

तो हसला. "त्यास्ना शेतमा कापूस पिकत नही, गुरुजी. म्हनीसन इतली माया."

इतकी वर्षं भूगोल शिकवून मला हे सुचलं नव्हतं. जरा चिडूनच विचारलं, तुम्हाला काय त्याचं?

त्यानं पुंजकं माझ्या तळहातावर ठेवलं. त्याचा धाकटा भाऊ आफ्रिकेत कापसातली सरकी काढायच्या जिनिंगवर कामाला गेला होता. त्याच्या एकुलत्या एका पत्रातून हा कापूस आला होता.

"तठला कापूस युरोपमा पोचस," तो म्हणाला, "मन्हा भाऊ घर का बरं पोचत नही?"

पुढच्या रविवारपासून तो यायच्या आधीच मी पेपरात आफ्रिका शोधू लागलो.