बदामाची नखं

बेकरीतला मैदा कधी पुरता झाडून होत नाही. सकाळी कोपरा साफ करावा, तर दुपारी तिथं पुन्हा पांढरी रेघ. किस्स्यांचंही तसंच. मी मुळात कमी बोलणारा, आणि बोललो तरी सावकाश. त्यामुळं माझ्याजवळचे किस्से खपत नाहीत, नुसते साचतात. लोहाऱ्यात खाजाभाईंच्या भट्टीवर मी चाळीस वर्षं पाव, खारी, टोस्ट भाजले. ते किस्से वेगळे. हे आहेत माझ्या सुनेच्या केकच्या दुकानातले, बहुतेक एकाच ऑक्टोबरातले.

सुजाता माझी सून. मुलगा पुण्याला कंपनीत असतो. तिनं सोलापूरला केकचा क्लास केला आणि एसटी स्टँडच्या मागं भाड्यानं एक गाळा घेतला. पहिली मोठी ऑर्डर आली ती एका इंग्लिश शाळेची. हॅलोविन म्हणून भुतांचा सण असतो म्हणे. लेकरं भुतं होऊन येणार आणि खाऊही भुताटकीचाच पाहिजे.

मी विचारलं, "भुतं त्या दिवशी करतात काय?"

"गोड खातात, मामा," सुजाता म्हणाली.

आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही, अंगारा नाही. भुताला आमच्याकडं कधी कुणी बस म्हटलं नाही. म्हटलं, गिऱ्हाईक म्हणून येत असेल तर येऊ दे!

*

एका सकाळी दुकानात गेलो, तर ओट्यावर ट्रे आणि ट्रेमध्ये बोटं. माणसाची. ओळीनं चोवीस. सांध्यावर सुरकुत्या, टोकाला नख, तुटल्या बाजूला लाल.

मी दारातच थांबलो. चष्मा पुसून पुन्हा घातला. बोटं तिथंच होती.

"सुजाता," मी हळूच म्हणालो, "ही कुणाची गं?"

"शाळेची, मामा."

मी एक पाऊल मागं सरकलो.

"अहो, नानकटाईचं पीठ हाय ते! लाल दिसतोय तो बीटाचा पाक. अन् नखं बदामाची."

मी एक बोट उचलून उजेडात धरलं. खरंच, बदाम सोलून, मधून चिरून, नीट बसवलेला.

"एवढा बदाम," मी म्हणालो, "खाजाभाईंनी सोताच्या पोरीच्या लग्नात बी घातला न्हाई!"

*

शेजारी शांताबाईंचं शिलाईचं दुकान. त्या टोस्ट न्यायला आल्या, ट्रे बघितला आणि टोस्ट तिथंच टाकून गेल्या.

शांताबाईंच्या दुकानातून बातमी निघाली तेव्हा बोटं चोवीसच होती. चहाच्या टपरीवर त्यांना हात फुटले. तहसीलपाशी पोचेपर्यंत अख्खा माणूस तयार झाला!

दुपारी एक बाई धापा टाकत आली. नवरा दोन दिवसांपूर्वी तुळजापूरला जातो म्हणून गेलेला, फोन लागत नव्हता.

"मला बघू द्या," ती म्हणाली. "म्या वळकीन."

सुजातानं तिला पाणी दिलं, खाली बसवलं, हे पिठाचं आहे म्हणून दोनदा सांगितलं. बाईला पटेना. शेवटी ट्रे तिच्या मांडीवर ठेवला. तिनं एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं आणि मोठा श्वास सोडला.

"आमच्या मालकांची न्हाईत. त्यांची नखं कुठं एवढी सोच्छ!"

*

सुजातानं सामानाची यादी लिहून दिली. मला वाचता येतं, पण वेळ लागतो. म्हणून चिठ्ठी सरळ किराणावाल्या बालाजीच्या हातात दिली. तो मोठ्यानं वाचत एकेक वस्तू काढायला लागला.

"लिंबं, वीस." ती क्रीमसाठी.

"काळे तीळ, पाव किलो." ते छोट्या भुतांच्या डोळ्यांसाठी.

"काळा दोरा, येक रीळ." तो डबे बांधायला.

"टाचण्या." कागदी वटवाघळं अडकवायला.

"नारळ..." इथं बालाजीचा आवाज बारीक झाला. "अन् कापडाची बाहुली, ल्हान, येक."

नारळ किसायला आणि बाहुली शाळेच्या टेबलावर मांडायला, हे मी सांगणारच होतो. पण माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत लोकांचा विचार करून झालेला असतो. माझ्या मागं उभे असलेले दोघं पायरी उतरून रस्त्यावर गेले.

बालाजीनं सामानावर हात ठेवला. "किसनकाका, खरं सांगा. कुणासाठी हाय ह्ये?"

"शाळंतल्या लेकरांसाठी," मी म्हणालो.

सगळं सामान परत फळीवर गेलं!

*

मग गुरुलिंगअप्पा आले, सोबत चार माणसं घेऊन. अप्पा गाळ्याचे मालक. नव्या काट्यावर वजन करायचं असलं तरी आधी काट्याखाली हात फिरवून बघणारा माणूस.

"सुजाताबाई, माझ्या गाळ्यात भानामती चाललीय म्हणून कानावर आलंय. ही पयली तक्रार, म्या गप बसतो. दुसरी आली की गाळा खाली करायचा."

भानामती म्हणजे आमच्याकडची करणी. कुणाच्या अंगावर आपोआप फुल्या उठल्या, कुणाच्या पत्र्यावर दगड पडले, की तिचं नाव निघतं आणि मग ती करणारी बाई शोधतात. मी लहान असताना गावात कुणाची तरी म्हैस आटली आणि लोकांनी माझ्या आईकडं बघितलं. नुसतं बघितलं. महिन्याभरात आम्ही गाव सोडलं. त्यामुळं ह्या सगळ्यात मला हसू येत होतं, तरी दुकानाकडं जरा जास्त वेळ बघणाऱ्या प्रत्येकाचा मला संशय यायचा.

"खाऊन बघा की अप्पा," सुजाता म्हणाली. तिनं ट्रे पुढं केला.

"म्या न्हाय." अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्ये खातील."

मी एक बोट घेतलं आणि खायला लागलो. माझं खाणंही बोलण्यासारखंच. सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी चावतोय, चावतोय. डोळे मिटले, कारण चव नीट कळते. एकजण दाराकडं सरकला. दाढेत बदामाचा तुकडा अडकला म्हणून मी मान वाकडी केली, तर उरलेले तिघंही बाहेर! मी घास गिळला, पाणी प्यालो.

"कसं वाटतंय?" अप्पांनी लांबूनच विचारलं.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.

अप्पांचा विश्वास बसला नाही. पुढचे तीन दिवस ते सकाळी येऊन मी जिवंत आहे का बघून जायचे. चौथ्या दिवशी मला जरा खोकला आला, तर अप्पा गाळा खाली करून घ्यायचे कागद घेऊनच आले!

*

खाजाभाई एकदा मुद्दाम भुतं बघायला आले. अंड्याचा पांढरा भाग साखरेत फेटून सुजातानं इवली इवली भुतं केली होती.

"किसन, ये भूत है?"

"व्हय."

"इसकू देखको डर कहाँ का! गोदी में लेने कू दिल करता!"

सुजाताला ते लागलं. तिनं विचारलं, "मग भूत असतंय तरी कसं?"

झालं! दारातून बालाजी आणि शांताबाई डोकावत होतेच. बालाजी म्हणाला, पाय उलटे पाहिजेत. शांताबाई म्हणाल्या, केस मोकळे आणि हातात हिरवा चुडा. खाजाभाई म्हणाले, भूत नाकात बोलतं. आपण असलं काही मानत नाही, असं तिघंही आधी शपथेवर सांगत होते. एवढी बारीक माहिती ह्यांना कुठून, हा संशय मला आजही आहे.

सुजातानं सगळ्यांचं ऐकून एक भूत केलं आणि फोटो शाळेतल्या मॅडमना पाठवला. तासाभरानं उत्तर आलं.

"फारच छान. पण फोटो बघून आमचे शिपाई रजेवर गेले आहेत. कृपया परदेशी भूत द्यावे."

*

शाळा जळकोटच्या बाजूला, गावाबाहेर. डबे न्यायचं काम माझ्याकडं. गडबड नको म्हणून सुजातानं प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : बोटं. डोळे. कवट्या. मेंदू, हलवू नये.

स्टँडवर जीप भरत आली होती. मी डबे मांडीवर, पायाशी, बाजूला असे लावले. शेजारच्या माणसानं एक वाचला. मग दुसरा. मग तो म्हणाला, "माझं येक काम राहिलंय," आणि उतरला. त्याच्या मागून सगळ्यांचीच कामं राहिलेली निघाली!

चौदा माणसं भरल्याशिवाय न हलणारी ती जीप माझ्या एकट्यासाठी निघाली. लोहाऱ्याच्या जीपमध्ये पाय लांब करून बसलेला मी पहिलाच माणूस असेन.

वाटेत एका खड्ड्यात डोळ्यांचा डबा उघडला. डोळा म्हणजे पेढा, मधे काळी मनुका. त्यातला एक घरंगळत ड्रायव्हरच्या पायाशी गेला. त्यानं खाली बघितलं. डोळ्यानं वर बघितलं.

त्यानंतर शाळा कधी आली ते कळलंच नाही.

लेकरांनी कवट्यासुद्धा चाटूनपुसून खाल्ल्या. मी रिकामे डबे घेऊन परत आलो. पण जीपमधून उतरलेली माणसं माझ्या आधी अप्पांकडं पोचली होती. दुसरी तक्रार!

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आले. एकटेच. आत येऊन त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. सुजातानं सकाळीच साचे पोत्यात भरायला घेतले होते.

"अप्पा, ओव्हन हलवायला दोन दिवस द्या," ती म्हणाली.

"ओव्हन राहू द्या. येक काम हाय." अप्पांनी मागं वळून रस्त्याकडं बघितलं. "माझा भाऊ, मल्लिनाथ. शेताच्या बांधावरनं नऊ वर्सं झाली, बोलणं न्हाय. त्याच्या नावानं येक केक करायचा. तसला."

"तसला म्हंजे?"

"आता मला बोलाय लावू नका. त्यानं खाल्ला की बांध सोडला पाहिजे."

सुजाता पोत्यावरच बसली. हो म्हणावं तर ती खरोखर भानामतीवाली होणार, नाही म्हणावं तर गाळा जाणार. तिनं माझ्याकडं बघितलं. मला काही सुचायच्या आत तीच बोलली.

"अप्पा, केक हुईल. करणी हुनार न्हाई. आम्ही ते मानत बी न्हाई, करत बी न्हाई."

"बरुबर हाय," अप्पांनी डोळे बारीक केले. "करणारं माणूस असंच म्हणतंय."

"अहो, साधा केक असंल!"

"साधाच पाहिजे. दिसायला साधाच."

सुजातानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "बरं, ऐका. केक तुम्ही सोता न्यायचा. त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर बसायचं. पयला घास तुम्ही खायचा."

अप्पांनी खिशातून डायरी काढली. "पयला म्या?"

"न्हाई तर तुमच्या हातचं ते खातील का?"

अप्पांनी विचार केला आणि लिहून घेतलं. "तोंड कुठल्या दिशेला करून बसायचं?"

"केककडं!" सुजाता ओरडली.

तेही लिहून घेतलं.

"मल्लिनाथअण्णांना आवडतं काय?" तिनं विचारलं.

अप्पांनी डायरी मिटली. "शेंगापोळी," ते म्हणाले. "ल्हानपणी माझ्या ताटातली बी उचलून खायचा."

शेंगदाणे मी भाजले. मंद आचेवर, एकही दाणा करपू न देता. केकवर बोट नाही, कवटी नाही, काही नाही. अप्पांनी डबा हातभर लांब धरून नेला.

चार दिवसांनी अप्पा गाळ्याचे कागद घेऊन आले. आणखी तीन वर्षांचे, सही करून. उंबऱ्याच्या आत मात्र पाय टाकला नाही. बाहेरूनच हात लांब करून कागद दिले आणि, ज्या माणसानं कधी कुणाला केला नाही, त्यानं सुजाताला नमस्कार केला. दोघांमधला बांध निघाला, असं बालाजी सांगत होता. अप्पा आता रोज संध्याकाळी मल्लिनाथच्या ओसरीवर जाऊन बसतात, असं शांताबाई सांगत होत्या. आम्ही कुणालाच काही विचारलं नाही.

मग एका दुपारी मल्लिनाथअण्णा आले. एकटेच. आत येऊन त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"अप्पानं आणला हुता, तसला केक पाहिजे. अप्पाच्याच नावानं."

"अण्णा, तो नुसता शेंगदाण्याचा केक हाय," सुजाता म्हणाली.

"त्ये ठावं हाय मला. समदं ठावं हाय." ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "काल सांच्याला अप्पा आला न्हाय. गुण उतरलाय जणू. ह्या खेपेला शेंगदाणे जरा जास्तच टाका!"