नवरदेव येईपर्यंत

कारंजाच्या बाजारात सनईवाले चाचा नेहमी दिसत. कुणी लग्नाची सुपारी घेऊन आलं, की त्यांचा एकच प्रश्न असे, "कुठून कुठलोक वाजवायचं?" देवळापासून पारापर्यंत ठरलं, तर पारापुढे ते एक सूरही काढत नसत.

माझ्या बहिणीच्या लग्नात "नवरदेव येईलोक वाजवा" असं बाबांनी ठरवलं. नेमकं कामरगावच्या रस्त्यावर नवरदेवाच्या छकड्याचं चाक मोडलं. चाचा सकाळपासून वाजवतच राहिले. पाहुण्यांचे कान किटले. बाबांनी थांबायला सांगितलं, तर चाचांनी वाजवता वाजवताच नकाराची मान हलवली.

दुपार कलली तेव्हा चाक दुरुस्त करून नवरदेव दारात उतरला, आणि सनई सुराच्या मध्यातच बंद झाली.

"आता तं वाजवा!" बाबांनी हात जोडले.

"नवरदेव आले ना? काम झालं."

वाजंत्रीशिवाय आत यायचं नाही, म्हणून नवरदेवाचे मामा अडून बसले. परत निघायची भाषा सुरू झाली. तेव्हा बाबांनी धुळीने माखलेल्या नवरदेवाला पुन्हा छकड्यात बसवून वेशीबाहेर धाडलं आणि विचारलं, "चाचा, नवरदेव आले काय?"

चाचांनी रिकाम्या रस्त्याकडे नीट पाहिलं.

"नाई आले अजून," ते गंभीरपणे म्हणाले आणि वाजवू लागले. छकडा वळताना दिसला, तशी सनई क्षणभर खाली घेऊन ते ओरडले, "सावकाश येऊ द्या! सूर आता कुठं लागून राह्यला!"