पायाळू बाईची लाथ

लढाईच्या दिवसांत मी माण तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर होतो आणि मला रांघण लागली होती. कमरेपासून टाचेपर्यंत एक शीर अशी ठणकायची, की हातातला खडू खाली पडला तर तो मी वर्गाला दान करून टाकायचो. पायांकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसानं लाथ मारली की कंबर बरी होते, ही समजूत किती खुळी आहे हे मी मुलांना तास तास समजावत असे. अर्थात भिंतीला टेकून.

शेवटी एका बाजारच्या दिवशी मीच गुपचूप गावाबाहेर गेलो. तिथं मेंढरं चारणारी एक धनगरीण पायाळू होती. तिच्या कडेवर कोकरू होतं.

"आवं मास्तर, पालथं व्हा की. लाजताय कशाला?"

कोकरू खाली न ठेवताच तिनं माझ्या कमरेत तीन लाथा घातल्या. मी असा कण्हलो, की चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या.

उठताना पाहिलं, तर तीही काठीला रेलून स्वतःची कंबर दाबत होती.

"बाई, तुमचीही कंबर दुखते?"

"लय वर्सं झाली."

"मग त्यावर काय करता?"

"काय करनार? माजा पाय माज्या पाठीला पोचत न्हाई."

एवढं बोलून ती कोकरू खांद्यावर टाकून मेंढरांमागं चालू लागली.

माझी रांघण काही गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी खडू पडला, तो मी स्वतः वाकून उचलला आणि उरलेला तास तसाच वाकून शिकवला.