बल्ब गेलेले मडिवाळप्पा

चाकूरच्या बाजारात मडिवाळप्पांचं कापडाचं दुकान आहे. सगळा बाजार त्यांना काका म्हणतो. गादीवर मांडी घालून बसले की काका दुपारपर्यंत हलत नाहीत. बोलायचं काम रुद्राणीकाकूंकडे. काकू ठाणं उलगडतात, गिऱ्हाइकाशी घासाघीस करतात आणि अगदीच अडलं तर मागं वळून काकांकडे बघतात. काका पापणी मिटतात, म्हणजे देऊन टाक. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि झुपकेदार मिशा. एकदा उन्हाळ्यात एक चिमणी त्यांच्या टोपीवर बसून निवांत पंख साफ करून गेली, हे मी स्वतः पाहिलंय.

त्यांचा मुलगा वीरेश नांदेडला कॉलेजात शिकवतो. यंदा दिवाळीला सून वर्षाराणीचा फोन आला, "मामा, गोदावरीच्या घाटावर दीपोत्सव हाय. या की बघायला." काका काहीच बोलले नाहीत. काकूंनी त्याचा अर्थ होकार असा लावला आणि पिशवी भरली.

त्या संध्याकाळी वीरेश पेपर तपासत घरीच बसला, म्हणून काका, काकू आणि वर्षाराणी तिघंच ऑटोनं घाटावर गेले. पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर दिवे, झाडांना माळा, आतून उजळलेले कापडाचे मोर आणि मासे. पुढं 'आपलं गाव' असा देखावा होता. तारेच्या सांगाड्यावर कापड ताणून माणसं केली होती आणि प्रत्येकाच्या पोटात बल्ब. कुणी जात्यावर दळत होती, कुणी मडकी घडवत होता. खोट्या वडाखालच्या पारावर तीन म्हातारे गप्पा मारत बसले होते.

काकांचे पाय दुखायला लागले होते. काकू म्हणाल्या, "आम्ही कुल्फी घेऊन येतो. तुम्ही हितंच टेका आणि हलू नका. गर्दीत सापडायचे न्हाईत."

काका पारावर त्या तिघांच्या शेजारी टेकले आणि हलले नाहीत.

थोड्या वेळानं दोन बायका समोर येऊन थांबल्या. एक म्हणाली, "ह्याची मिशी बघ, खरी वाटून राहिली."

"खरेच केस लावलेत. महागाचं काम हाय."

आपण पुतळा नाही हे सांगावं असं काकांच्या मनात आलं. पण त्यांना बोलायची सवय कमी. काय बोलायचं ते ठरेपर्यंत बायका फोटो काढून गेल्यासुद्धा. मग एक मास्तरांसारखा दिसणारा माणूस आला आणि बायकोला म्हणाला, "बाकीच्या तिघांपेक्षा हा सरस आहे. चेहऱ्यावर काय तेज आणलंय." काकांनी येऊ घातलेला खोकला गिळला. साठ वर्षांत त्यांच्या चेहऱ्याबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. बघण्याच्या कार्यक्रमात खुद्द काकू नुसतं 'चालंल' म्हणाल्या होत्या. आता खरं सांगून लोकांचा विरस कशाला करायचा, असं काकांनी ठरवलं आणि पाठ जरा ताठ केली.

एवढ्यात रोषणाईचा वायरमन विरूपाक्ष खिशात टेस्टर घेऊन आला. त्यानं काकांकडे बघितलं आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "पारावरच्या चौथ्या म्हाताऱ्याचा बल्ब गेलाय." वायर शोधायला तो पारामागं गेला, सदरा उचलून बघितला, पोटात बोट खुपसलं. "आत कापूस लई ठासलाय," तो पुटपुटला. वायर काही सापडेना. शेवटी त्यानं एक माळ काकांच्या खांद्यावरून गुंडाळली, दोन वेढे टोपीला दिले आणि बटण दाबलं. काका आधी निळे झाले, मग लाल. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात काकू कुल्फी घेऊन परत आल्या. "हितंच बसा म्हणलं होतं. गेले कुठं?" त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि नजर पारावर आली. "वर्षा, ह्यो बघ. तुझ्या सासऱ्यावानी दिसतोय."

"हाव की आत्या. पर मामा एवढे उजळ न्हाईत."

"ह्यो हसरा बी हाय. माझा एक फोटो काढ ह्याच्यासंगं."

काकू शेजारी बसल्या आणि पुतळ्याच्या खांद्यावर खुशाल हात टाकला. इतक्या वर्षांच्या संसारात असा फोटो त्यांनी कधी काढला नव्हता. काका श्वास रोखून बसले. पण दुसऱ्या हातातली कुल्फी वितळून धोतरावर पडायला लागली, मांडीला गार लागलं आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, गळून राहिली ती."

पुतळा बोलला म्हटल्यावर गर्दी पळाली. विरूपाक्ष मडक्यांच्या ढिगात बसला. काकू तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही हाव?"

"हाव."

"मग मघाशीच बोलायला काय झालं होतं?"

"तूच म्हणलीस, हलू नका."

"बोलू नका कुठं म्हणलं मी?"

वर्षाराणी हसून हसून खालीच बसली. विरूपाक्ष हात जोडत आला, "काका, पोटाला बोट लावलं, माफ करा." माळ सदऱ्याच्या गुंड्यांत अशी अडकली होती की सोडवेपर्यंत पळालेले लोक परत आले आणि जिवंत म्हाताऱ्यासोबत फोटो काढायला रांग लागली. काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही.

परतताना ऑटोत काका जे सुरू झाले ते थांबेनात. मिशीला कोण काय म्हणालं, तेज कुणी म्हणालं, टाळ्या किती वाजल्या. ऐकता ऐकता ऑटोवाल्याचं वळण चुकलं आणि ऑटो स्टेशनवर पोचला. काकू कुल्फीची काडी हातात धरून नवऱ्याकडे नुसत्या बघत होत्या.

घरी वीरेशनं दार उघडलं आणि विचारलं, "कशी होती रोषणाई?"

"रोषणाई बघायला वेळ कुठं मिळाला," काका म्हणाले आणि चप्पल न काढताच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.