वेगळ्या खोलीतलं यंत्र

डायलिसिसचे चार तास मी अर्धवट झोपेत काढतो. शेजारच्या खाटेवर किनाऱ्यावरच्या बुरोंडी गावचे एक मच्छीमार असत. नाव मी कधी विचारलं नाही. "बगा गुरुजी" म्हणून ते समुद्राविषयी हळू आवाजात सुरुवात करत, मध्येच इतका वेळ थांबत की मला खाट पाण्यावर डुलल्यासारखी वाटे.

एकदा त्यांच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. त्यांना वेगळ्या खोलीतलं यंत्र मिळालं. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर ते शेजारी टेकले, तेव्हा मी नकळत सरकून बसलो. त्यांनी ते पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा गुरुजी, सिस्टर सांगतात, गावात ह्यो आजार एखाद्यालाच असतो. आपल्यावानी सारख्या सुया टोचून घेणाऱ्यांत जास्त सापडतो. शेजारी बसून होत नाय. तपासून घ्या सगळ्यांनी. गोळ्यांनी बरा होतो."

मी भीतीपोटी तपासणी टाळत आलो होतो. त्यांच्या बोलण्यानं ती केली, आणि मलाही तेच निघालं.

पहिल्या दिवशी मी त्या खोलीच्या दारातच थबकलो. त्यांनी डोळे उघडले, पंखा माझ्या खाटेकडे वळवायला सिस्टरना सांगितलं. बाकावरच्या वागण्याची माफी मागायला मी तोंड उघडलं.

"मी पन घाबरलो होतो, गुरुजी," ते म्हणाले. "एकटाच होतो ना हितं."